जॉर्ज ए. बर्मिंगहॅम ऊर्फ रेव्हरंड हॅने: आयर्लंडच्या पाद्री कादंबरीकाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा माणूस नेमका कोण होता?

खरं नाव जेम्स ओवेन हॅने. जन्म १६ जुलै १८६५ ला बेलफास्टमध्ये, मृत्यू २ फेब्रुवारी १९५० ला लंडनमध्ये. वडील पाद्री, सासरेही पाद्री आणि ते तर पुढे किलालूचे बिशप झाले, आणि हॅने स्वतः १८८९ मध्ये दीक्षा घेतल्यापासून शेवटपर्यंत पाद्रीच राहिला. शाळा इंग्लंडमधली हेलिबरी (ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी जिथे तयार व्हायचे ना, त्याच जुन्या कॉलेजच्या इमारतीत ही शाळा आहे), नंतरचं शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. पण वाचकांना तो ठाऊक आहे जॉर्ज ए. बर्मिंगहॅम या टोपणनावानं. या नावानं त्यानं आयर्लंडमधल्या राजकारण्यांवर, सरकारी बाबूंवर, जमीनदारांवर, दोन्हीकडच्या धर्मगुरूंवर ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या, कधी गंभीर, कधी पोट धरून हसवणाऱ्या.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो काउंटीत वेस्टपोर्ट नावाचं छोटं बंदराचं गाव आहे. तिथे तो १८९२ ते १९१३ अशी एकवीस वर्षं होता आणि माझ्या मते त्याचं जे काही अस्सल लिखाण आहे ते जवळजवळ सगळं या एकवीस वर्षांतल्या माणसांमधून आलंय.

पाद्री होता म्हणता, मग बायकामुलं कशी?

हा प्रश्न खूप जण विचारतात कारण आयर्लंड म्हटलं की आपल्या डोक्यात कॅथलिकच येतात. हॅने चर्च ऑफ आयर्लंडचा, म्हणजे अँग्लिकन, प्रोटेस्टंट, आणि त्यांच्यात पाद्री लग्न करू शकतात. १८८९ मध्येच त्याचं अडा विन हिच्याशी लग्न झालं, चार मुलं झाली, दोन मुली दोन मुलगे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर त्याच्या कादंबऱ्यांमधला अर्धा ताण कळत नाही. आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक, पण सरकारी मान्यतेचं चर्च होतं हे प्रोटेस्टंट चर्च. १८६९ च्या कायद्यानं १८७१ पासून तो दर्जा गेला, तरी जमीनदार, मोठे अधिकारी, बँकवाले हे बरेचसे याच चर्चचे. वेस्टपोर्टसारख्या गावात हॅनेचे प्रोटेस्टंट मूठभर आणि भोवती सगळा कॅथलिक समाज. म्हणजे रविवारी त्याच्यासमोर बसणारे लोक एका बाजूचे, आणि आठवडाभर रस्त्यावर, बाजारात, धक्क्यावर भेटणारे लोक दुसऱ्या बाजूचे. त्याला दोघांशी बोलायला आवडायचं. त्रास झाला तो यामुळेच.

टोपणनाव कशासाठी घेतलं?

स्वतःच्या नावावर त्यानं आधी धार्मिक, विद्वत्तेची पुस्तकं काढली होती. ख्रिस्ती मठसंस्थेच्या उगमावर १९०३ मध्ये एक, आणि इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या सुरुवातीच्या साधूंच्या वचनांवर १९०४ मध्ये 'द विज्डम ऑफ द डेझर्ट'. ही पुस्तकं आजही वाचण्यासारखी आहेत, त्यात थट्टा अजिबात नाही आणि लेखक मनापासून श्रद्धाळू आहे हे पानापानावर दिसतं. मग १९०५ मध्ये पहिली कादंबरी आली 'द सीदिंग पॉट', आणि ती होती थेट चालू राजकारणावर, ज्या भागात आपण रोज वावरतो त्याच भागावर. लहान गावचा रेक्टर, म्हणजे तिथल्या चर्चचा मुख्य पाद्री, असं काही स्वतःच्या नावानं छापत नाही.

बर्मिंगहॅम म्हटलं की इंग्लंडमधलं शहर आठवतं, पण हे आडनाव आयर्लंडच्या पश्चिमेला फार जुनं आहे, गॉलवेतल्या अथेनराय इथे बर्मिंगहॅम घराण्याची मध्ययुगापासून सत्ता होती. नाव फार दिवस गुप्त राहिलं नाही मात्र.

वेस्टपोर्ट कसं गाव आहे? कादंबऱ्यांत दिसतं का ते?

दिसतं, फक्त 'बॅलिमॉय' या नावानं. त्याच्या अनेक कादंबऱ्या याच काल्पनिक गावात घडतात.

खरं वेस्टपोर्ट आखून वसवलेलं गाव आहे, स्लायगोच्या मार्क्विसचा मोठा वाडा शेजारी, मधोमध अष्टकोनी चौक, आणि गावाबाहेर क्रो पॅट्रिकचा डोंगर, जिथे जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक चढून जातात, काही जण अनवाणी. समोर क्लू बे नावाची खाडी, तिच्यात वर्षाच्या दिवसांइतकी म्हणजे ३६५ बेटं आहेत असं तिथे म्हणतात. हॅनेला शिडाच्या होडीचं वेड होतं आणि ते पानोपानी जाणवतं, वारा कुठून आहे, ओहोटीला कुठली वाळू उघडी पडते, नांगर कुठे धरतो आणि कुठे सरकतो, हे तो इतकं सहज लिहितो की होडीत कधी न बसलेल्या माणसालाही कळतं.

चौकातली एक गोष्ट सांगायलाच हवी. अष्टकोनी चौकाच्या मधोमध उंच खांबावर हॅनेच्या काळात जॉर्ज ग्लेंडेनिंग नावाच्या बँकरचा पुतळा होता. (आता तिथे सेंट पॅट्रिक उभा आहे.) म्हणजे गावातल्या लोकांनी ज्या चौकात बाजार करायचा त्या चौकात वर उभा कोण, तर एक सावकार बँकर. पुतळा कुणाचा लावायचा, का लावायचा, पैसे कोण देणार, यावर अख्खी कादंबरी लिहिणाऱ्या माणसाच्या रोजच्या वाटेवर हा खांब होता, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्या काळात आयर्लंडमध्ये चाललं काय होतं? पार्श्वभूमी माहीत नसेल तर पुस्तकं कळतील का?

विनोदी पुस्तकं कळतील. पहिल्या तीन गंभीर कादंबऱ्यांसाठी थोडी माहिती असलेली बरी.

मेयो ही जमीन चळवळीची काउंटी. १८७९ मध्ये मायकल डेव्हिटच्या पुढाकारानं लँड लीग ही कुळांची संघटना इथूनच सुरू झाली, त्याच वर्षी जूनमध्ये आयरिश राष्ट्रवाद्यांचा पुढारी पार्नेल यानं वेस्टपोर्टच्या सभेत कुळांना जमीन घट्ट धरून ठेवायला सांगितलं, आणि १८८० मध्ये ज्या कॅप्टन बॉयकॉटला गावकऱ्यांनी वाळीत टाकलं तो याच काउंटीतला. हॅने तिथे पोचला १८९२ ला, म्हणजे पार्नेल जाऊन जेमतेम वर्ष झालेलं, त्याच्या पक्षात उभी फूट पडलेली, आणि जमिनी हळूहळू जमीनदारांकडून कुळांकडे जायला लागलेल्या. दुसरीकडे होमरूलची मागणी. आपल्याकडे १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग काढली तेव्हा ते नाव आणि ती कल्पना आयर्लंडमधूनच आली होती, त्यामुळे मराठी वाचकाला हे वातावरण फारसं परकं वाटू नये: सभा, वर्तमानपत्रं, मवाळ-जहाल, आणि या सगळ्यात गावपातळीवर कंत्राट कुणाला मिळतं याची काळजी.

सुरुवातीच्या कादंबऱ्या पण विनोदी आहेत का?

नाहीत, आणि लोक इथेच चुकतात, 'सीदिंग पॉट' उघडतात आणि हसू येत नाही म्हणून ठेवून देतात.

'सीदिंग पॉट'चा नायक सर जेराल्ड गेगन. बाप बंडात सापडून हद्दपार झालेला, मुलगा ऑस्ट्रेलियात वाढलेला, आणि आता वारशानं मिळालेल्या इस्टेटीवर आयर्लंडला परत येतो, देशासाठी काहीतरी करायचंय म्हणून. जमीनदार वर्ग त्याला गद्दार समजतो, राष्ट्रवादी त्याला जमीनदार समजतात. १९०६ ची 'हायसिंथ' माझ्या मते जास्त चांगली आहे. हायसिंथ कोनेली हा गरीब प्रोटेस्टंट पाद्र्याचा मुलगा, बोअर युद्धाच्या वेळी ट्रिनिटीत शिकायला येतो, तिथली सगळी मुलं इंग्लंडच्या बाजूची, याला ते सहन होत नाही. पुढे तो बॅलिमॉयला क्विन नावाच्या गृहस्थाच्या लोकरीच्या गिरणीत काम धरतो, आणि मग शेजारच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्स सरकारी मदतीवर गिरणी काढतात, मजुरी नाममात्र देतात, माल स्वस्त विकतात, आणि क्विनची गिरणी बसते. हे वाचून मेयोतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर फॉक्सफर्डची खरी कॉन्व्हेंट गिरणी आली नसती तरच नवल. आणि फॉक्सफर्डच्या सिस्टर्सनी त्या भागातल्या गरिबांना खरोखरच रोजगार दिला होता, त्यामुळे लोकांना राग आला यात मला काही आश्चर्य वाटत नाही. पण हॅनेनं मांडलेला प्रश्नही खोटा नव्हता: देणगीवर आणि अनुदानावर चालणारी गिरणी, स्वतःच्या हिमतीवर चालणाऱ्या गिरणीला मारते तेव्हा देशी उद्योग वाढला म्हणायचा की मेला?

गेलिक लीगचं भांडण नेमकं काय झालं होतं?

गेलिक लीग ही आयरिश भाषा वाचवायला १८९३ मध्ये निघालेली संस्था, डग्लस हाइड तिचा अध्यक्ष. हाइड स्वतः प्रोटेस्टंट रेक्टरचा मुलगा (पुढे १९३८ मध्ये आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला). हॅने आणि हाइड यांची चांगली मैत्री होती. हॅनेला मनापासून वाटायचं की भाषा हीच एक जागा आहे जिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, जमीनदार आणि कूळ शेजारी शेजारी बसू शकतात. तो लीगच्या कार्यकारिणीवर गेला, लीगच्या बाजूनं भाषणं दिली, लेख लिहिले.

मग टोपणनाव फुटलं. 'सीदिंग पॉट'मधला एक कॅथलिक पाद्री म्हणजे आपल्याच गावचे फादर, असं वेस्टपोर्टमध्ये ठरलं. हॅनेनं ते नाकारलं, पण एकदा गावानं ठरवलं की ठरवलं. १९०६ मध्ये क्लेअरमॉरिसला कॉनाक्ट या पश्चिमेच्या प्रांताचा फेश, म्हणजे भाषा आणि संगीताचा मेळावा, भरवायच्या समितीत एका फादरनी हॅनेबरोबर बसायलाच नकार दिला. प्रकरण पेपरात गेलं, लीगमध्ये दोन तट पडले. ज्यांनी त्याची बाजू घेतली त्यांना वाटत होतं की लीग सगळ्या धर्मांची आहे हे दाखवायची हीच वेळ आहे, आणि ज्यांनी गप्प बसणं पसंत केलं त्यांना भीती होती की खेड्यापाड्यातले फादर नाराज झाले तर लीगच्या शाखाच बंद पडतील. शेवटी हॅने कार्यकारिणीतून बाहेर पडला.

मला या सगळ्या आयुष्यातला हा सगळ्यात दुःखाचा भाग वाटतो. त्याच्या स्वतःच्या वर्गातले बरेच लोक तो लीगमध्ये गेला म्हणून आधीच तोंड फिरवून बसले होते, आणि ज्यांच्यासाठी गेला त्यांनीही दार लावलं. यानंतरही त्यानं हाइडशी मैत्री तोडली नाही आणि आयरिश भाषेविरुद्ध कधी लिहिलं नाही.

मग विनोदाकडे वळला तो याच कारणानं का?

एकच कारण सांगता येणार नाही पण वर्षं बघितली तर क्रम स्पष्ट आहे. १९०५, १९०६, १९०७ ला गंभीर कादंबऱ्या, आणि १९०८ ला 'स्पॅनिश गोल्ड', जिच्यामुळे तो एकदम लोकप्रिय झाला.

'स्पॅनिश गोल्ड'मध्ये रेव्हरंड जे. जे. मेल्डन नावाचा लाल केसांचा तरुण क्युरेट, म्हणजे सहायक पाद्री, आहे, बॅलिमॉयचा, कायम बडबडणारा. मित्र मेजर केंटला होडीत घालून इनिशगोलन बेटावर नेतो कारण तिथे म्हणे स्पॅनिश आरमाराच्या बुडालेल्या जहाजाचा खजिना आहे. खजिन्यामागे आणखीही लोक आहेत. आणि त्याच बेटावर सरकारी मंडळाचा हिगिनबॉथम नावाचा इंजिनिअर आलाय, पत्र्याची खोली उभी करून राहतोय, लोकांच्या विखुरलेल्या जमिनी एकत्र करून नीट पट्टे पाडून द्यायचे हे त्याचं काम. सगळे तयार, एक म्हातारा सोडून. थॉमस ओ'फ्लाहर्टी पॅट. तो आपला खडकाळ तुकडा द्यायला तयार नाही, साहेबाला काही केल्या कळत नाही की एवढी चांगली जमीन मिळत असताना हा नको का म्हणतो, आणि म्हातारा काही सांगत नाही. तो म्हातारा पूर्ण पुस्तकात फार थोडं बोलतो पण बेटावरच्या सगळ्या हुशार माणसांपेक्षा त्याला जास्त कळतंय हे वाचकाच्या लक्षात येत जातं. मेल्डन प्रत्येकाला वेगळी थाप मारतो, एका थापेला सांभाळायला दुसरी, आणि शेवटी तर आयर्लंडचा कारभार बघणारा ब्रिटिश मंत्री, चीफ सेक्रेटरीच, बेटावर येऊन त्याच्या तावडीत सापडतो.

थट्टा सौम्य झाली पण विषय तेच राहिले बघा: जमीन, सरकारी योजना, डब्लिनहून आलेला अधिकारी, आणि त्याला तोंडावर हो म्हणून आपलंच करणारा गाव.

'जनरल जॉन रीगन' एवढी का गाजली?

कारण गोष्ट अफलातून आहे. झोपाळलेल्या बॅलिमॉयमध्ये एके दिवशी मोटार येऊन थांबते, त्यातून होरेस पी. बिलिंग नावाचा अमेरिकन उतरतो आणि विचारतो, बोलिव्हियाचा मुक्तिदाता जनरल जॉन रीगन या गावात जन्मला, त्याचा पुतळा कुठाय? कुणीही हे नाव ऐकलेलं नाही. पण आम्हाला माहीत नाही असं म्हणायला कुणी तयार नाही. गावचा डॉक्टर लुशियस ओ'ग्रेडी पुढे होतो, गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला आणि कायम उत्साही, तो सांगतो की पुतळा अजून उभारलेला नाही पण उभारायचाच आहे, कमिटी झालीच आहे समजा. मग हॉटेलवाला डॉइल, पेपरचा संपादक थॅडियस गॅलहर, फादर मकॉर्मॅक, मेजर केंट, सगळे एकेक करून कमिटीत ओढले जातात. जनरलचं घर दाखवायला हवं, तर एक पडकी भिंत दाखवतात. जनरलचे नातेवाईक हवेत, तर हॉटेलात काम करणारी मेरी एलन ही त्याच्या नात्यातली असं ठरतं. पुतळा नवा बनवायला वेळ आणि पैसे नाहीत, तर दुसऱ्याच कुणासाठी घडवलेला तयार पुतळा स्वस्तात मिळवतात. उद्घाटनाला खुद्द लॉर्ड लेफ्टनंटला, म्हणजे आयर्लंडमधल्या राजाच्या प्रतिनिधीला, बोलवायचं, आणि आला की त्याच्याकडून गावच्या धक्क्यासाठी सरकारी पाचशे पौंड काढायचे.

मेरी एलनकडे लक्ष द्या. तिला कुणी काही विचारत नाही, चांगले कपडे घालून उभं करतात, ती मुकाट उभी राहते आणि मधूनच एका पोलिसाकडे बघते. सगळे बोलतायत आणि ज्या पोरीच्या नावावर हे चाललंय ती गप्प, हे हॅनेनं एक शब्द न बोलता दाखवलंय.

आधी हे नाटक होतं. जानेवारी १९१३ मध्ये लंडनच्या अपोलो थिएटरला लागलं, चार्ल्स हॉट्रीनं डॉक्टरचं काम केलं आणि नाटक जोरात चाललं. त्याच वर्षी न्यूयॉर्कलाही प्रयोग झाले आणि कादंबरीही आली. पुढे १९२१ ला मूकपट आणि १९३३ ला बोलपट निघाला.

या नाटकावरून दंगल झाली म्हणतात, खरं का?

खरंय, आणि ती झाली वेस्टपोर्टमध्येच. लंडनमध्ये हसले, न्यूयॉर्कमध्ये हसले, पण ४ फेब्रुवारी १९१४ ला फिरत्या कंपनीनं वेस्टपोर्टच्या टाऊन हॉलमध्ये प्रयोग लावला तेव्हा प्रेक्षक स्टेजवर धावून गेले, सामान मोडलं, फादरचं काम करणाऱ्या नटाला मारहाण झाली, रस्त्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, नंतर कोर्टात खटलेही उभे राहिले. लोकांचं म्हणणं होतं की कॅथलिक धर्मगुरूची आणि आयरिश मुलीची चेष्टा केलीये, आणि तीही आमच्यात वीस वर्षं राहिलेल्या माणसानं. सात वर्षांपूर्वी, १९०७ मध्ये, डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये जे. एम. सिंग या आयरिश नाटककाराच्या 'प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड'वरून असाच गोंधळ झाला होता, ते नाटकसुद्धा मेयोतलंच.

हॅने तेव्हा गावात नव्हता, १९१३ मध्येच त्यानं वेस्टपोर्ट सोडलं होतं आणि अमेरिकेत व्याख्यानांचा दौरा केला होता. पण ज्या गावाला त्यानं सगळ्यात जास्त जीव लावला त्या गावानं असं करावं हे त्याला किती लागलं असेल.

तो आयरिश माणसाला मूर्ख दाखवतो, इंग्रजांना हसवायला लिहितो, हा आरोप बरोबर आहे का?

अर्धा. त्याच्या पुस्तकात मूर्ख ठरतो तो नेहमी बाहेरून आलेला, इंग्लंडचा मंत्री, डब्लिनचा अधिकारी, नकाशे घेऊन आलेला इंजिनिअर. गावचे लोक खोटं बोलतात पण ते फसत नाहीत, आणि ज्या सरकारला त्यांनी निवडलेलं नाही त्या सरकारकडून धक्क्याचे पैसे काढतात, यात मला तरी अपमान दिसत नाही.

पण एक उणीव आहे आणि ती मान्य करायला हवी. गरीब कॅथलिक कुटुंबाच्या घरात तो कधी शिरत नाही. तो त्यांना बघतो हॉटेलच्या दारातून, होडीवरून, रेक्टरीच्या खिडकीतून. डॉक्टर, मेजर, क्युरेट यांच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतं, थॉमस ओ'फ्लाहर्टी पॅटच्या मनातलं कळत नाही. ज्यांनी १९१४ ला दगड मारले त्यांना हे बहुतेक कुठेतरी जाणवलं होतं.

राजकारणात तो नक्की कोणत्या बाजूचा?

बेलफास्टचा प्रोटेस्टंट, पण तरुणपणापासून आयरिश राष्ट्रवादाकडे ओढ असलेला. १७९८ च्या उठावात अल्स्टरचे, म्हणजे उत्तरेकडच्या प्रांताचे, प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधलाच एक पंथ) इंग्लंडविरुद्ध लढले होते, त्यावर त्यानं 'द नॉर्दर्न आयर्न' लिहिली १९०७ मध्ये, आणि ती लिहिण्यामागचं म्हणणं सरळ आहे, की अल्स्टरवाले एकेकाळी आयर्लंडसाठी लढले होते हे विसरू नका. सिन फेन पक्षाचा संस्थापक आर्थर ग्रिफिथ याच्या लिखाणाबद्दल त्याला आदर होता. हिंसा मात्र कधीच पटली नाही.

१९१२ ची 'द रेड हँड ऑफ अल्स्टर' जरूर वाचा, वर्ष लक्षात ठेवून वाचा. होमरूलला विरोध करणारे अल्स्टरचे युनियनिस्ट 'आम्ही लढू' म्हणून भाषणं देतायत, पुढाऱ्यांना वाटतंय हे नुसतं बोलण्यापुरतं आहे, आणि एक गब्बर आयरिश-अमेरिकन, कॉनरॉय, खरोखरच त्यांच्यासाठी बंदुका पाठवतो. मग जी माणसं भाषणं ऐकून खरंच विश्वास ठेवून बसली होती ती खरंच लढायला उभी राहतात. कादंबरी आली १९१२ ला, आणि एप्रिल १९१४ मध्ये लार्न बंदरावर युनियनिस्टांनी सुमारे पंचवीस हजार रायफली उतरवल्या. हॅनेनं ज्योतिष सांगितलं नव्हतं, तो त्या लोकांमध्ये वाढला होता आणि ते दिलेला शब्द पाळतात हे त्याला माहीत होतं, लंडनला माहीत नव्हतं.

मुली आणि बायकांची पात्रं कशी आहेत?

लहान मुली फारच छान. 'ललागीज लव्हर्स' (१९११) मधली ललागी शाळकरी असताना गव्हर्नेसविरुद्ध हस्तलिखित मासिक काढते, ट्रिनिटीत गेल्यावर बिशप मंडळींना हादरवणारं दुसरं काढते, आणि मग सार्वजनिक खोटेपणा बंद पाडणारी संघटनाच स्थापन करून निवडणुकीत उतरते, आणि उमेदवारांचं खोटं उघडं पाडत सुटते. 'द इनव्हायोलेबल सँक्चुअरी' (१९१२) मधली प्रिसिला पाय मुरगळलेल्या चुलतभावाला होडीत घालून खाडीभर गुप्तहेर शोधत फिरते. मोठ्या बायका मात्र बऱ्याचदा एकसुरी आहेत.

युद्धात गेला होता ना? नंतरचं आयुष्य?

१९१६ आणि १७ मध्ये फ्रान्समध्ये सैन्याचा चॅप्लेन, म्हणजे सैन्यासोबतचा पाद्री, होता, वय पन्नाशीचं. 'अ पाद्रे इन फ्रान्स' (१९१८) हे त्यावरचं पुस्तक. लढाईची वर्णनं त्यात जवळजवळ नाहीत, तळावरचे कॅम्प, दुखापतीतून बरे होणारे शिपाई, आणि वय लपवून भरती झालेली आणि म्हणून आघाडीवरून मागे आणलेली पोरं, यांच्याबद्दल तो इतक्या मायेनं लिहितो की कादंबऱ्यांमधला हसरा लेखक तोच का असं वाटतं. आणि तोच आहे.

नंतर किल्डेअर काउंटीत कार्नलवेला रेक्टर, मग १९२२ ला आयर्लंडची फाळणी आणि यादवी सुरू असताना बुडापेस्टच्या ब्रिटिश वकिलातीत चॅप्लेन, १९२४ पासून इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या मेल्स गावी. १९३३ मध्ये अडा गेली, त्यानंतर तो लंडनला केन्सिंग्टनच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये आला आणि मरेपर्यंत तिथेच होता. 'प्लेझंट प्लेसेस' हे आत्मचरित्र १९३४ चं. कादंबऱ्या लिहिणं शेवटपर्यंत चालू, पण आयर्लंड सुटल्यावरच्या पुस्तकांत ती माणसं पातळ होत गेली असं मला वाटतं, कारखान्यासारखी दरवर्षी कादंबरी येत राहिली एवढंच.

कुठून सुरुवात करू आणि पुस्तकं कुठे मिळतील?

पहिलं 'स्पॅनिश गोल्ड' किंवा 'जनरल जॉन रीगन', दोन्हींपैकी कुठलंही, मग 'रेड हँड ऑफ अल्स्टर', मग 'हायसिंथ'. 'हायसिंथ' सगळ्यात आधी घेऊ नका. 'द सर्च पार्टी' (१९०९) प्रवासात वाचायला मस्त आहे, त्यातही डॉक्टर ओ'ग्रेडीच आहे आणि त्याला बाँब बनवणारा अराजकवादी पळवून नेतो.

लेखक १९५० ला गेला त्यामुळे भारतात त्याचे हक्क २०१० च्या शेवटी संपले, ब्रिटन-आयर्लंडमध्ये २०२० च्या शेवटी. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर बरीच पुस्तकं फुकट आहेत, जुन्या स्कॅन प्रती इंटरनेट आर्काइव्हवर. शोधताना हॅने आणि बर्मिंगहॅम दोन्ही नावं टाकून बघा कारण धार्मिक पुस्तकं पहिल्या नावावर आहेत. आणि काही पुस्तकांना अमेरिकेत वेगळं नाव दिलंय: 'द इनव्हायोलेबल सँक्चुअरी' म्हणजेच 'प्रिसिलाज स्पाइज', 'कॉनॉट टू शिकागो' म्हणजेच 'फ्रॉम डब्लिन टू शिकागो'. एकच पुस्तक दोनदा डाउनलोड करून बसू नका.